चारशे मिलिमीटर : दिल्लीच्या लो-फ्लोअर बसविषयी

दिल्ली परिवहन महामंडळाच्या, म्हणजे डीटीसीच्या, हिरव्या आणि लाल लो-फ्लोअर बस आता रस्त्यावरून उतरत आहेत. बारा वर्षांच्या हिशेबाने घेतलेल्या या गाड्या पंधराव्या वर्षापर्यंत ओढल्या गेल्या आणि त्यांच्या जागी विजेवर चालणाऱ्या निळ्या गाड्या येत आहेत. भंगारात निघालेल्या बसवर पुस्तक कशाला, असा प्रश्न या लेखनाच्या काळात अनेकांनी विचारला. माझे उत्तर एका मापात आहे : चारशे मिलिमीटर. या बसची फरशी जमिनीपासून एवढ्या उंचीवर होती. त्याआधी साठेक वर्षे या देशातल्या सर्वसामान्य बसची फरशी मीटरभर किंवा त्याहूनही वर होती. उंचीतला हा फरक कोणी मागितला, तो कसा साधला, त्याची किंमत कोणी मोजली आणि तो टिकवताना कुठे काय निसटले, हे सांगण्यासाठी हे पुस्तक आहे.

आपल्याकडची बस जन्मतः ट्रकच्या घराण्यातली. कारखाना विकतो ती चासी : दोन लांब लोखंडी तुळयांचा सांगाडा, पुढे इंजिन, खाली कमानीचे पाटे. त्यावर बॉडी बांधायची ती दुसऱ्याने. एसटी महामंडळाने दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा इथल्या आपल्या कार्यशाळांत वर्षानुवर्षे हेच केले आणि उत्तम केले. खेड्यापाड्यांतल्या कच्च्या रस्त्यांवर त्या गाड्या टिकल्या त्या याच मजबूत सांगाड्यामुळे. पण या रचनेत फरशीची उंची प्रवाशाकडे पाहून ठरत नाही. मोठ्या बसचे चाक साधारण मीटरभर व्यासाचे असते, म्हणजे अ‍ॅक्सल जमिनीपासून अर्धा मीटर वर. अ‍ॅक्सलवर पाटे, पाट्यांवर सांगाडा, सांगाड्यावर फरशी. अशी एकावर एक बेरीज होत फरशी छातीच्या उंचीला जाते आणि दारात दोन-तीन उंच पायऱ्या येतात. मालासाठी आखलेल्या गाडीत माणसे बसवली, एवढाच याचा अर्थ. गुडघे दुखणारी आजी, पोटुशी बाई, कडेवर मूल घेतलेली आई, कुबडीवर चालणारा तरुण, यांपैकी कोणीही त्या आखणीच्या वेळी कोणाच्या डोळ्यांसमोर नव्हते. व्हीलचेअरवरचा माणूस तर नव्हताच.

आता फरशी चारशे मिलिमीटरवर आणायची म्हटले की हे सगळे उलटेपालटे करावे लागते. फरशी अ‍ॅक्सलच्या मध्यरेषेच्याही खाली येते, म्हणजे ट्रकचा सांगाडा गेलाच. त्याऐवजी बसची बॉडी आणि तळ मिळून एकसंध पिंजरा करावा लागतो आणि सगळा भार तोच पेलतो. पुढचा अ‍ॅक्सल मधोमध खाली वाकवावा लागतो, म्हणजे दोन चाकांच्या मधून माणसाला चालता येते. इंजिन पाठीमागे जाते. कमानीच्या पाट्यांच्या जागी हवेचे फुगे येतात. ते फुगे दाराच्या बाजूने थोडे रिकामे केले की थांब्यावर बस त्या अंगाने किंचित झुकते आणि फरशी आणखी खाली येते. मागच्या अ‍ॅक्सलचा प्रश्न सर्वांत अवघड, कारण तिथे इंजिनाकडून येणारी ताकद चाकांना वाटून देणारा डिफरन्शियलचा गोळा असतो. युरोपात यासाठी पोर्टल अ‍ॅक्सल वापरतात. त्यात मधला दांडा चाकांच्या मध्यापेक्षा खाली असतो आणि दोन्ही टोकांना गिअर लावून ताकद वर चाकांपर्यंत नेतात. हा अ‍ॅक्सल महाग आणि नाजूक. दुसरा मार्ग स्वस्त : पुढच्या दारापासून मधल्या दारापर्यंत फरशी सपाट आणि खाली ठेवायची, आणि त्यामागे आतल्या आत पायऱ्या देऊन मागचा भाग उंच करायचा. दिल्लीच्या बसने हा दुसरा मार्ग घेतला. मागच्या आसनांकडे जाताना त्या पायऱ्यांना अडखळलेली माणसे दिल्लीत पुष्कळ सापडतील. तरीही मला ही तडजोड योग्य वाटते. दारात पायरी नसणे महत्त्वाचे. ज्याला चढवते त्याने मागे जावे, ज्याला चढवत नाही त्याने पुढे बसावे.

दिल्लीत आणखी एक अडचण होती, जी स्टुटगार्टच्या किंवा लंडनच्या अभियंत्याला एवढ्या प्रमाणात कधी पडली नव्हती. या शहरातल्या बसना डिझेल वर्ज्य होते. पर्यावरणवादी वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर २८ जुलै १९९८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतल्या सगळ्या बस सीएनजीवर आणण्याचा आदेश दिला, आणि बरीच ओढाताण होऊन २००२ अखेर तो अमलात आला. जुन्या उंच बसमध्ये गॅसची सिलिंडरे फरशीखाली मावत. फरशीच खाली आली तर सिलिंडरे कुठे ठेवायची? ती छतावर गेली. दिल्लीच्या लो-फ्लोअर बसच्या टपावर जो लांबट उंचवटा दिसतो तो हाच. शेकडो किलो वजन डोक्यावर घ्यायचे म्हणजे खांब आणि छताच्या कमानी अधिक भक्कम हव्यात, वळणावर गाडी कलणार नाही याची काळजी हवी, आणि गळती झाली तर हलका वायू वरच्या वर उडून जातो हा फायदाही पदरात पडतो. न्यायालयाचा हवेविषयीचा निर्णय आणि पायरीविषयीची सामाजिक मागणी, या दोन स्वतंत्र गोष्टींची गाठ एका बसच्या छतावर पडली. पुस्तकाचे दुसरे प्रकरण पूर्णपणे या छताला दिले आहे, आणि कंटाळवाणे वाटले तरी वाचकाने ते टाळू नये अशी विनंती आहे.

मागणी कोणाची होती, तेही सांगितले पाहिजे, कारण लो-फ्लोअर बस म्हणजे कारखानदारांची कल्पकता असा समज आहे. जर्मनीत नियोप्लान कंपनीने सत्तरच्या दशकात खाली फरशीची शहर-बस करून दाखवली, आणि ऐंशीचे दशक संपता संपता मर्सिडीज आणि मान यांनी ती मोठ्या प्रमाणावर बनवायला घेतली, हे खरे. पण बाजारात तिला जागा करून दिली ती अपंग माणसांनी. अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात ५ जुलै १९७८ रोजी एकोणीस अपंग आंदोलक भर चौकात बसच्या पुढे-मागे व्हीलचेअर लावून, काही जण तर रस्त्यावर आडवे होऊन राहिले आणि त्यांनी रात्रभर दोन बस अडवून ठेवल्या. त्या वेळी त्यांचे मागणे लिफ्टचे होते. बारा वर्षांनी, १९९० मध्ये, अमेरिकेचा अपंग हक्क कायदा आला आणि नव्या बसमध्ये व्हीलचेअरची सोय बंधनकारक झाली. लंडनमध्ये नव्वदच्या दशकात आंदोलकांनी स्वतःला बसगाड्यांना बेड्या घालून घेतल्या. त्याच लंडनने २००५ च्या अखेरीस जुन्या रूटमास्टर बस नेहमीच्या मार्गांवरून काढून आपला बसताफा लो-फ्लोअर केला. रूटमास्टर गेली म्हणून हळहळलेले लोक मला समजतात. ती देखणी गाडी होती. पण तिच्या मागच्या उघड्या पायरीवर उडी मारून चढणे ज्यांना कधीच जमणार नव्हते, त्यांनी त्या गाडीसाठी का हळहळावे?

भारतात १९९५ चा अपंग व्यक्ती कायदा होता, त्यात वाहतुकीचा उल्लेख होता, आणि ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’ अशी पळवाटही होती. कायद्याने जे झाले नसते ते दिल्लीत दोन वेगळ्याच कारणांनी झाले. पहिले कारण ब्लूलाइन. नव्वदच्या दशकापासून दिल्लीचे निम्म्याहून अधिक बसप्रवासी खासगी ब्लूलाइन गाड्यांच्या भरवशावर होते. चालक-वाहकांची कमाई प्रवाशांच्या संख्येवर, त्यामुळे थांब्यावर आधी पोहोचण्यासाठी शर्यत, आणि शर्यतीत माणसे चिरडली जात. २००७ या एका वर्षात ब्लूलाइनखाली शंभरावर बळी गेले, आणि जनक्षोभ इतका झाला की सरकारला या गाड्या हटवण्याचे ठरवावे लागले. दुसरे कारण ऑक्टोबर २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धा. परदेशी पाहुण्यांना दाखवण्याजोगी बस हवी होती. ब्लूलाइनच्या जागी नवी बस आणायचीच आहे तर ती चांगली आणावी, असा विचार झाला, आणि टाटा मोटर्स व अशोक लेलँड यांच्याकडे मागणी गेली. स्पर्धेसाठी म्हणून आलेली गोष्ट स्पर्धा संपल्यावरही दहा-बारा वर्षे रोज लाखो लोकांच्या उपयोगी पडली, अशी उदाहरणे आपल्याकडे फार नाहीत.

टाटांनी २००६ मध्ये ब्राझीलच्या मार्कोपोलो कंपनीशी भागीदारी करून कर्नाटकातल्या धारवाडला बस बांधण्याचा कारखाना काढला होता. दिल्लीच्या गाड्यांवर ‘मार्कोपोलो’ हे नाव झळकले ते तिथून. कॅशियस दो सुल या ब्राझीलमधल्या गावात १९४९ साली सुरू झालेल्या या कंपनीचा हात फक्त बस बांधण्यावर बसलेला. ट्रकचा वारसा तिच्याकडे नव्हता. आपल्या देशात कारखान्यातून चासी निघते आणि बॉडी दुसरीकडे चढते, ही जुनी पद्धत या गाड्यांनी मोडली. संपूर्ण बस एका छताखाली आखली आणि बांधली गेली. बारा मीटर लांबी, पुढे आणि मध्ये रुंद दार, दारे हवेच्या दाबावर उघड-बंद होणारी, स्वयंचलित गिअरबॉक्स, मार्गाचा क्रमांक दाखवणारी विजेची पाटी, मधल्या दारासमोर व्हीलचेअरची जागा. हिरवी बस साधी, लाल बस वातानुकूलित. २००८ पासून पुढच्या तीन-चार वर्षांत डीटीसीच्या ताफ्यात अशा साडेतीन हजारांहून अधिक बस आल्या. एका शहरासाठी एवढी मोठी लो-फ्लोअर खरेदी भारतात आधी झालेली नव्हती.

याआधी २००६ मध्ये बंगळुरूने व्होल्वोची लो-फ्लोअर बस रस्त्यावर आणली होती, आणि शहरी बसविषयीच्या आपल्या कल्पना बदलण्याचे श्रेय त्या लाल व्होल्वोला द्यायलाच हवे. मोटारीने कचेरीत जाणाऱ्या माणसाला तिने बसमध्ये बसवले. पण ती वातानुकूलित होती आणि तिचे भाडे तिच्या रुबाबाला साजेसे होते. दिल्लीच्या हिरव्या बसचे मोठेपण वेगळे आहे, आणि या पुस्तकाचा सगळा युक्तिवाद त्यावर उभा आहे. नोव्हेंबर २००९ मध्ये ठरलेले भाडे पाच, दहा आणि पंधरा रुपये. हेच भाडे जुन्या उंच बसलाही होते. चारशे मिलिमीटरची फरशी साध्या तिकिटात मिळाली. आनंद विहारहून मेहरौलीला जाणाऱ्या ५३४ क्रमांकाच्या गाडीत किंवा रिंग रोडवर फिरणाऱ्या मुद्रिकेत भाजीची पाटी घेतलेली बाई, एम्सला निघालेला डायलिसिसचा रुग्ण आणि क्लासला चाललेला मुलगा एकाच सपाट फरशीवर पाऊल ठेवून चढत. सोय पैसे मोजणाऱ्यासाठी आणि पायऱ्या बाकीच्यांसाठी, अशी वाटणी तिथे नव्हती. भारतीय सार्वजनिक वाहतुकीत याच्या तोडीची घटना मला दिसत नाही.

केंद्र सरकारने २००८ मध्ये शहरी बससाठी मापदंड जाहीर केले. त्यात फरशीच्या उंचीचे तीन वर्ग होते : चारशे, साडेसहाशे आणि नऊशे मिलिमीटर. पाठोपाठ २००९ च्या आरंभी, मंदीवरच्या उपायांचा भाग म्हणून, जवाहरलाल नेहरू शहरी पुनरुत्थान अभियानात देशभरच्या शहरांसाठी १५,२६० बस मंजूर झाल्या. त्यांतल्या पुष्कळशा साडेसहाशेच्या, म्हणजे सेमी लो-फ्लोअर होत्या. खड्डे, बेबंद गतिरोधक आणि तुंबणारे पाणी ही कारणे सांगितली गेली, आणि ती खोटी नव्हती. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक शंभर मिलिमीटर उंच आणि सुमारे पावणेचार मीटर रुंद, गोलसर उताराचा असायला हवा. गल्लीतल्या लोकांनी रातोरात डांबराचा ढीग घालून केलेल्या गतिरोधकाने हे मानक पाहिलेले नसते, आणि लो-फ्लोअर बसचे पोट त्यावर घासते. दिल्लीच्या मिंटो ब्रिजखाली पाण्यात अडकलेल्या बसची छायाचित्रे जवळजवळ दर पावसाळ्यात वर्तमानपत्रांत येत असत. पण रस्ता वाईट आहे म्हणून बस उंच करायची, हा तोडगा मला मान्य नाही. रस्ता दुरुस्त करणे ज्या महापालिकेचे काम, तिच्या चुकीची भरपाई गुडघेदुखीच्या आजीने का करावी?

या बसचा खरा कस लागला तो मधल्या दारातल्या रॅम्पवर. तिथे फरशीत बिजागरीवर बसवलेला एक लोखंडी पत्रा असतो. कडी धरून तो उचलायचा आणि बाहेर उलटायचा, की व्हीलचेअरला चढायला उतार तयार. दिसायला सोपे. आता हिशेब करू. फरशी चारशेवर. बस झुकली की उरतात सुमारे ३३०. थांब्यावरच्या फूटपाथची कड १५० मिलिमीटर उंच धरली आणि बस तिला लागून उभी राहिली, तर चढायचे राहतात १८०. रॅम्प मीटरभर लांब धरला तर हा चढ साधारण साडेपाचास एक. इमारतींसाठी आपल्याकडे बारास एक हा चढ योग्य मानतात, तेव्हा साडेपाचास एक तीव्रच झाला; पण मागून एकाने हात दिला तर खुर्ची वर जाते. आता तीच बस फूटपाथपासून दीड मीटर अलीकडे, रस्त्यातच उभी राहिली असे समजा. रॅम्प रस्त्यावर टेकतो, चढ होतो तीनास एक, आणि त्यावरून खुर्ची न्यायची तर दोन दांडगे गडी लागतात. म्हणजे सर्व अभियांत्रिकी, वाकवलेला अ‍ॅक्सल, हवेचे फुगे, छतावरची सिलिंडरे, यांचे फळ पदरात पडायचे की नाही, हे चालकाने बस थांब्याला किती जवळ नेली यावर ठरते.

आणि चालकाने ती जवळ नेऊ नये अशी सगळी व्यवस्था दिल्लीच्या थांब्यांवर असते. रिक्षा उभ्या असतात, ई-रिक्षा उभ्या असतात, पाणी साचलेले असते, कधी थांब्याचा चौथराच खचलेला असतो. प्रवासी स्वतः फूटपाथ सोडून रस्त्यात उतरून हात करतात, म्हणून बसही रस्त्यातच थांबते. दिल्लीत कंडक्टर जागेवर बसून तिकिटे देतो, प्रवासी त्याच्याकडे जातात. रॅम्प उलटायला त्याने उठावे ही सवय कधी पुरती लावली गेली नाही. पुष्कळ गाड्यांत मातीने आणि गंजाने रॅम्पची कडीच हलेनाशी झाली. अंबेडकर नगर ते मूलचंद या सुमारे पावणेसहा किलोमीटरच्या बीआरटी, म्हणजे जलद बससेवेच्या, मार्गावर २००८ मध्ये बसला स्वतंत्र मार्गिका आणि नीट बांधलेले फलाट मिळाले होते. तिथे बस फलाटाला लागे. मोटारवाल्यांच्या रोषापुढे तो मार्ग टिकला नाही आणि २०१६ मध्ये उखडायला घेतला. त्या मार्गाच्या आखणीत दोष होते, त्यांची चर्चा पुस्तकात आहे. मात्र लो-फ्लोअर बसला साजेसा थांबा दिल्लीने मोठ्या प्रमाणावर केला तो तेवढाच, आणि तोच मोडला, हे नमूद केल्यावाचून मला पुढे जाता येत नाही.

देखभालीची कहाणी अधिक कष्टाची आहे. सुरुवातीलाच, २००९-१० च्या सुमारास, काही नव्या गाड्यांना आगी लागल्या आणि बसची बदनामी झाली. पाठीमागचे इंजिन, गॅस, दिल्लीचा उन्हाळा आणि अपुरी सफाई यांचा मेळ धोक्याचा असतो. गाड्यांची देखभाल खरेदीच्या करारातच, किलोमीटरमागे दर ठरवून, बनवणाऱ्या कंपन्यांकडे दिलेली होती. कल्पना चांगली होती : ज्याने बांधली त्यानेच सांभाळावी. पण करार असो वा नसो, हवेचे फुगे फाटतात, दारांचे सिलिंडर गळतात, स्वयंचलित गिअरबॉक्सला वेळेवर तेल लागते. कमानीचा पाटा तुटला तर कोपऱ्यावरचा लोहारही जोडून देई. फुग्याचे तसे नाही. झुकण्याची यंत्रणा बिघडली तरी बस धावते, म्हणून ती दुरुस्त करण्याची कोणाला घाई नसे. जी गोष्ट बिघडल्यावर गाडी थांबत नाही ती गोष्ट दुरुस्तीच्या यादीत शेवटी जाते, आणि अपंगांसाठीची प्रत्येक सोय याच यादीत होती.

त्याहून मोठी चूक धोरणाची. २०१०-११ नंतर डीटीसीने दहा वर्षांहून अधिक काळ एकही नवी बस आणली नाही. निविदा निघाल्या, रद्द झाल्या, पुन्हा निघाल्या. एक हजार लो-फ्लोअर बसची एक खरेदी २०२१ मध्ये देखभालीच्या करारावरून वाद होऊन थांबली. वादात कोणाची बाजू बरोबर होती यात मी या प्रस्तावनेत शिरत नाही. थांब्यावर उभ्या माणसाला बस मिळाली नाही, एवढे निश्चित. मार्च २०२५ मध्ये दिल्ली विधानसभेत मांडलेल्या महालेखापरीक्षकांच्या अहवालात हा काळ आकड्यांत दिसतो. २०१५-१६ मध्ये ४,३४४ असलेला ताफा २०२२-२३ मध्ये ३,९३७ वर आला. वयोमर्यादा उलटलेल्या लो-फ्लोअर बस सुरुवातीला फक्त ५ होत्या, त्या ३१ मार्च २०२३ रोजी १,७७० झाल्या. दर दहा हजार किलोमीटरमागे बंद पडण्याचे प्रमाण २.९० वरून ४.५७ वर गेले. जून महिन्याच्या दुपारी उड्डाणपुलाच्या चढावर मागचे झाकण उघडून उभी असलेली हिरवी बस आणि तिच्या सावलीत दुसऱ्या बसची वाट पाहणारे प्रवासी, हे दृश्य या आकड्यांच्या मुळाशी आहे. लोकांनी दोष बसला दिला. दोष बस म्हातारी होऊ देणाऱ्यांचा होता.

मध्यंतरी उंच फरशी परत आलीच होती. दिल्ली सरकारने उंच फरशीच्या दोन हजार बस घ्यायचे ठरवले, तेव्हा अपंग हक्क कार्यकर्ते निपुण मल्होत्रा यांनी दिल्ली उच्च न्यायालयात याचिका केली. जे शहर दहा वर्षांपूर्वी पायरी काढून टाकते ते पुन्हा पायरी कशी बसवू शकते, असा प्रश्न त्यातून उभा राहिला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि शेवटी हायड्रॉलिक लिफ्ट बसवलेल्या उंच बस २०१९ मध्ये रस्त्यावर आल्या. लिफ्ट असणे नसण्यापेक्षा बरे. पण लिफ्ट फक्त व्हीलचेअरसाठी उघडते. काठी टेकत आलेल्या आजोबांसाठी, सातव्या महिन्यातल्या बाईसाठी, पाय मुरगळलेल्या विद्यार्थ्यासाठी कोणी लिफ्ट चालवत नाही. खाली फरशी सर्वांसाठी सारखी खाली असते, तिला कोणाला विनवावे लागत नाही आणि तिच्यासाठी अख्खी बस थांबवून सगळ्यांच्या नजरा अंगावर घ्याव्या लागत नाहीत. लिफ्ट आणि लो-फ्लोअर यांना एकाच रकान्यात ‘सुगम्य’ म्हणून मोजणाऱ्या सरकारी तक्त्यांशी माझा यासाठी झगडा आहे.

२९ ऑक्टोबर २०१९ रोजी, भाऊबिजेच्या दिवशी, दिल्लीत बायकांना बसप्रवास मोफत झाला. या मोफत प्रवासाच्या गुलाबी तिकिटावर पुष्कळ राजकीय लिखाण झाले आहे. मला त्यात बसच्या फरशीचा वाटा पाहायचा होता. साडी नेसलेल्या, एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात पोर धरलेल्या बाईला मीटरभर उंचीची बस फुकट दिली तरी ती दांड्याला लोंबकळूनच चढणार. हिरव्या बसमध्ये ती चालत आत गेली. पैसा आणि पायरी हे दोन्ही अडथळे एकाच गाडीत दूर झाले, तेव्हा बायकांचा प्रवास किती मोकळा झाला, हे पुस्तकातल्या सातव्या प्रकरणात प्रवासी बायकांच्याच शब्दांत वाचायला मिळेल.

१७ जानेवारी २०२२ रोजी डीटीसीची पहिली विजेची बस धावू लागली. तीही बारा मीटरची आणि लो-फ्लोअर. विजेच्या बसमध्ये अवजड इंजिन नसते, बॅटऱ्या छतावर किंवा मागे ठेवता येतात, त्यामुळे फरशी खाली घेणे आता पूर्वीपेक्षा सोपे आहे. महाराष्ट्रातही हा बदल पोहोचला आहे. पुण्यात पीएमपीच्या विजेच्या बस २०१९ पासून धावत आहेत. मुंबईत बेस्टची वातानुकूलित विजेची दुमजली बस फेब्रुवारी २०२३ मध्ये आली. उंचीच्या मर्यादेत दोन मजले बसवायचे तर खालची फरशी खाली घ्यावीच लागते, त्यामुळे दुमजली गाडीत लो-फ्लोअर जवळजवळ ओघानेच येते. राज्यातल्या इतर शहरांतही केंद्राच्या योजनांतून विजेच्या बस येऊ घातल्या आहेत. वीज आली म्हणजे फरशी आपोआप खाली येईल, असे मात्र कोणी समजू नये. विजेची बसही नऊशे मिलिमीटर उंचीची बनते, ती स्वस्त पडते, तिच्यात चार आसने जास्त मावतात, आणि निविदेत उंची लिहिलेली नसेल तर तीच येते.

पुस्तकाच्या रचनेविषयी थोडके. पहिली चार प्रकरणे यंत्राची आहेत, पुढची पाच माणसांची. यंत्रात रस नसलेल्याने पाचव्यापासून सुरुवात केली तरी चालेल, पण रॅम्पचा हिशेब तेवढा आधी वाचावा. चालक, वाहक, डेपोतले मिस्त्री आणि प्रवासी यांची नावे दिलेली नाहीत. त्यांनी जे सांगितले ते त्यांच्या नोकरीला किंवा खासगीपणाला बाधू नये म्हणून. काही प्रकरणांत एकाच प्रसंगाविषयी चालक आणि प्रवासी यांची दोन वेगळी म्हणणी आहेत. मी त्यांचा मेळ घातलेला नाही, दोन्ही शेजारी ठेवली आहेत.

वाचकाकडे एकच मागणे आहे. तुमच्या शहरात नव्या बस येणार अशी बातमी वाचाल तेव्हा बसचा रंग, वातानुकूलन आणि उद्घाटनाची तारीख यांच्या आधी फरशीची उंची विचारा. नगरसेवकाला विचारा, परिवहन समितीला विचारा, माहितीच्या अधिकारात निविदेची प्रत मागवा. उत्तर चारशे असेल तर पुढचा प्रश्न थांब्याचा : फूटपाथची कड किती उंच आहे आणि बस तिला लागते का. उत्तर नऊशे असेल तर ती खरेदी होण्याआधीच हरकत नोंदवा, कारण एकदा आलेली बस बारा-पंधरा वर्षे जात नाही.